लक्ष्मीबाई टिळकांचा भरवसा

भक्ताला त्रास देणाऱ्यांची यादी आपल्या कीर्तनांत ठरलेली आहे. ज्ञानोबारायांच्या कुटुंबाला वाळीत टाकणारे आळंदीकर, गोदावरीच्या घाटावर नाथांच्या अंगावर थुंकणारा, तुकोबारायांच्या वह्यांवर उठलेले वाघोलीचे रामेश्वरभट्ट. विरोधक उघड, भक्त थोर, आणि तेरा दिवसांनी वह्या पाण्यावर. निरूपणाला ही मांडणी सोयीची आहे आणि ती खोटी नाही. पण मंडपात बसलेल्या संसारी माणसाचा देवावरचा भरवसा असल्या विरोधाने ढळत नाही. शत्रूने शिव्या दिल्या तर माणूस उलट घट्ट होतो. त्याला ढिला करतात ती आपली माणसे. ती जवळ बसतात, पाठीवर हात ठेवतात, तुझ्या बऱ्यासाठीच सांगतो म्हणतात. त्यांना झटकता येत नाही, कारण त्यांचे प्रेम खरे असते.

या दुसऱ्या विरोधाचे मराठीत मी वाचलेले सर्वांत खरे वर्णन लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. १९३४ पासून ते चार भागांत निघाले. बाई ख्रिस्ती होत्या. वारकऱ्यांच्या मासिकात हे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील, म्हणून आधी तेवढे सांगतो.

त्यांचे पती नारायण वामन टिळक, जन्म १८६१ चा, कोकणातला. लोकमान्य वेगळे, हे वेगळे. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. ज्या ॲबट साहेबांशी मुंबईत त्यांचा संबंध आला, त्यांनीच पुढे महिपतीबुवांचा ‘भक्तविजय’ इंग्रजीत नेला. आणि आपल्या गोंदियाच्या वाचकाला एक गोष्ट अधिक जवळची वाटेल. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एका गोऱ्या पाद्र्याशी बोलणे झाले. कवितेच्या, देवाच्या गोष्टी झाल्या. उतरण्यापूर्वी त्याने बायबलातला नवा करार त्यांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती गाडी तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा हीच वाट चालते. तेव्हा आपला जिल्हाही नव्हता, हा सगळा मुलूख भंडाऱ्यात होता. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

मी हे धर्मांतराचे कौतुक म्हणून लिहीत नाही. गळ्यात माळ घातलेल्या माणसाला पंढरीची वाट पुरते, ही माझी श्रद्धा आहे. पुलावरून पलीकडे जाण्याची गरज काय, पूलच मुक्काम आहे, असे मी टिळकांना म्हणालो असतो. पण ग्रंथ वाचताना लेखकाचा पंथ बाजूला ठेवून त्यातला भाव तपासावा लागतो, आणि या ग्रंथातला भाव अस्सल आहे.

टिळकांचे चरित्र लिहिणारे बहुधा टिळकांच्या त्यागावर थांबतात. लोक तुटले, नोकरी गेली, तरी गडी डगमगला नाही. खरे आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची परीक्षा कठीण वाटली. टिळकांना निदान आपण कुठे चाललो ते ठाऊक होते. मागे राहिली ती सत्ताविशीच्या आतबाहेरची बाई आणि लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कुंकू आहे, पण संसार नाही. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, जेवू घातले, आणि त्याच मायेने सांगत राहिले की आता त्याला विसर. त्या काळी सोवळ्यातल्या घराने याहून वेगळे काय सांगितले असते? त्यांतले कोणी दुष्ट नाही. लक्ष्मीबाईंनीही कोणाला दुष्ट म्हणून रंगवलेले नाही, आणि मला वाटते ग्रंथाचे मोठेपण इथेच आहे. ज्यांनी आपल्याला नको नको म्हटले, त्यांची माया आणि त्यांची चूक ही बाई एकाच वाक्यात सांगते, आणि वर हसते. स्वतःलाही हसते, नवऱ्याला तर पानोपानी हसते. घरात आलेले पैसे आल्या पावली दुसऱ्याला देणारे टिळक, त्यांचा तापट स्वभाव, रुसवे आणि समेट हे सगळे तिने पदराआड न ठेवता लिहिले आहे.

त्या वर्षांतला काही काळ त्या पंढरपुरात होत्या. वारकरी वाचक या ठिकाणी थबकतो. चंद्रभागेच्या काठी राहूनही एखाद्याचे दुःख उतरत नाही, हे वाचायला जड जाते. म्हणून ती पाने गाळू नयेत.

आता मुख्य वादाचा मुद्दा. या बाईने शेवटी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतीमागे पत्नी गेली, यात श्रद्धा कसली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. इंग्रजी भाषांतराचे नावच ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे, म्हणजे मी मागोमाग जाते. मला हे नाव पटत नाही. मागोमागच जायचे होते तर १८९५ सालीच गेल्या असत्या. पाच वर्षे कशाला लागली? पुढे त्या टिळकांजवळ राहायला गेल्या, तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे जसेच्या तसे. ख्रिस्ती नवऱ्याच्या छायेत राहून ही बाई आपला आचार सोडत नाही, आणि टिळकही तिच्यावर जबरदस्ती करीत नाहीत. मग एका प्रवासात तिच्या मनात विचार येतो की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या देहांत फरक ठेवला असता. झाले, तिथे गाठ सुटते, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे घ्यायला तिला अडचण राहत नाही. हा विचार नवऱ्याने शिकवलेला नाही, पाद्र्याने तर नाहीच. अक्षरओळख बेताची असलेल्या बाईने तो आपल्या बुद्धीने सोडवला. जो प्रश्न चोखोबांनी महाद्वाराबाहेर उभे राहून विचारला, तो ही बाई आतल्या बाजूने, सोवळ्याच्या चुलीपाशी बसून विचारते.

म्हणजे तिने दोन्हीकडचा आग्रह बाजूला ठेवला. माहेर-सासर म्हणत होते, त्याला सोड. तिने सोडले नाही. परिस्थिती म्हणत होती, लगेच त्याच्यासारखी हो. तीही झाली नाही. देव आपल्याला वाट दाखवील एवढ्या भरवशावर ती मध्ये उभी राहिली, आणि असे मध्ये उभे राहणे फार कठीण असते. आपल्या निरूपणांत या अवस्थेला जागाच नाही. भक्त एक तर घरात असतो, नाही तर डोंगरावर.

डोंगरावरून आठवले. देहूजवळच्या भंडाऱ्यावर (आपला भंडारा नव्हे) तुकोबाराय नामात दंग, आणि भाकरी घेऊन उन्हात चढणारी जिजाई. कित्येक कीर्तनांत या माउलीचा उपयोग हशा पिकवण्यापुरता होतो. तिचा आवाज कर्कश काढायचा, विठोबाला तिने दिलेले शब्द घोळवून सांगायचे, मंडप हसला की पुढे जायचे. माझ्या गुरूंनी फडावर हा विनोद मना केला होता. जिच्या हातची भाकरी तुकोबांनी खाल्ली, तिला हसणाऱ्याने टाळ खाली ठेवावा, असे ते म्हणत. तेव्हा मला ही केवळ मर्यादा वाटे. ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर त्यातला अर्थ कळतो. दुष्काळ आणि दिवाळे पाहिलेल्या घरातली जिजाई नवऱ्याला नको नको म्हणते, तेव्हा ती भक्तीची वैरीण नसते. पायातला काटा देवाने तिचाही काढला, ही कथा आपणच सांगतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात, मला वाटते, जिजाई पहिल्यांदा स्वतः बोलते. देवाच्या नादी लागलेल्या माणसाचे घर आतून कसे दिसते, हे मराठीत इतक्या नितळपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले मला आढळले नाही.

टिळकांच्या अभंगांविषयी थोडे. ‘अभंगांजली’तले काही अभंग डोळे मिटून ऐकले तर आपल्याच गाथ्यातले वाटावेत. ख्रिस्ताला माउली म्हणणे हे आपल्या घरचेच वळण. पण जिथे ते समजावायला निघतात तिथे प्रवचनाचा कोरडेपणा येतो, चाल लावली तरी अभंग गळ्यात बसत नाही. तुकोबा भांडतात, हट्ट धरतात, देवाला धारेवर धरतात. टिळकांना ते धाडस फारसे होत नाही. टाळमृदंग घेऊन ते ख्रिस्ताचे कीर्तन करीत. त्यांचा हा देशीपणा मिशनमधल्या सगळ्यांना रुचला असे नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती. म्हणजे उतारवयात पुन्हा आपल्याच माणसांचे नको नको आले, या वेळी ख्रिस्ती माणसांचे. दरबार नीट उभा राहण्याआधीच, मे १९१९ मध्ये ते गेले.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे मोठे काव्य पहिल्या दहा-एक अध्यायांवर थांबले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, साठांहून अधिक अध्याय लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईने हे अंगावर घ्यावे का, असे तेव्हा कोणाला वाटले नसेल काय? १९३६ साली त्या वारल्या, ग्रंथ त्यानंतर छापून निघाला.

‘स्मृतिचित्रे’ आजही दुकानात मिळते. संक्षिप्त प्रतही आहे, पण घ्यायचे तर पूर्ण पुस्तक घ्यावे, कारण यातला परमार्थ स्वयंपाक, भांडण, प्रवास अशा किरकोळ गोष्टींतच आहे. भाषा घरची आहे. ज्या घरात वाचणारे एक आणि ऐकणाऱ्या चार जणी आहेत, तिथे ते मोठ्याने वाचावे, आणि हसू येईल तिथे हसावे.