लिंकनचा हिशेब

अब्राहम लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणातले शेवटचे वाक्य सुभाषितासारखे सर्वतोमुखी झाले आहे. कोणाविषयी आकस नको, सर्वांविषयी करुणा असावी, असा त्याचा आशय. पण ते वाक्य एकटेच उचलणाऱ्यांनी भाषणावर अन्याय केला, असे मला वाटते.

४ मार्च १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या चिखलात लोक जमले, तेव्हा यादवी युद्धाला चार वर्षे होत आली होती. विजय हाताशी आला होता. एखाद्याने नगारे वाजवले असते. लिंकनने सुमारे ७०० शब्दांत भाषण आटोपले. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला आळवतात, हे त्याने सांगितले. दुसऱ्याच्या घामाची भाकरी हिसकावण्यासाठी कोणी देवाची मदत मागावी याचे नवल त्याला वाटते. पण एवढे बोलून तो लगेच स्वतःला आवरतो.

खरी मेख पुढे आहे. गुलाम बहुतेक दक्षिणेत होते, हे तो आधी सांगतो. मात्र पापाला नाव देताना गुलामगिरीला ‘दक्षिणेची’ न म्हणता ‘अमेरिकेची’ म्हणतो. या एका विशेषणावर मी सारे भाषण ओवाळून टाकीन! उत्तरेचे श्रोतेही आरोपीच्या पिंजऱ्यात येतात. २५० वर्षांच्या फुकट राबणुकीतून साठलेली संपत्ती बुडेपर्यंत, आसुडाने काढलेल्या रक्ताची तलवारीने फेड होईपर्यंत युद्ध चालले, तरी तो देवाचा न्यायच, असे तो म्हणतो. आपल्याकडे भाऊबंदांचा तंटा मिटवताना ‘झाले गेले गंगेला मिळाले’ म्हणण्याची घाई असते. लिंकनला ती नव्हती. करुणेचे वाक्य आले ते या हिशेबानंतर.

तरीही त्याच वाक्यात मला एक उणीव खटकते. जखमा बांधण्याची भाषा करताना तो सैनिक, त्याची विधवा, त्याचे पोरके मूल यांची नावे घेतो. सैनिकांत काळेही होते, हे खरे. पण कापसाच्या मळ्यात जन्म घालवलेली बाई? लोकसंख्येचा आठवा हिस्सा गुलाम होता, असे त्यानेच आधी सांगितले होते. ही उणीव भरून काढायला त्याला अवधीही मिळाला नाही; १४ एप्रिलला त्याच्यावर गोळी झाडली गेली.

शपथविधीच्या संध्याकाळी, गुलाम म्हणून जन्मलेला फ्रेडरिक डग्लस व्हाइट हाउसवर गेला. लिंकनने भाषण कसे वाटले, असे आवर्जून विचारले. ते पवित्र होते, असे डग्लसने उत्तर दिले. त्यापूर्वी पोलिसांनी त्याला दारातच अडवले होते.