'मूळ रूप' कोणाचं? फार्न्सवर्थ हाऊस आणि रिसर्चमधला एक निसरडा शब्द

सिनॉप्सिस लिहिताना आपण 'मूळ' हा शब्द फार सहज वापरतो. मूळ नमुना, मूळ स्थिती, मूळ डेटा. पण हे 'मूळ' नेमकं कधीचं, आणि ते कोणी ठरवलं, असं कोणी विचारलं की बऱ्याच प्रपोजलांचा पाया हलतो. यासाठी आज लॅबमधलं नाही, एका घराचं उदाहरण घेऊ.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या प्लानो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी फार्न्सवर्थ हाऊस आहे. पांढऱ्या पोलादी खांबांवर जमिनीपासून सुमारे ५ फूट उचललेली, चारही बाजूंनी काचेची एक मोठी खोली, असं त्याचं रूप. आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोह, काम पूर्ण झालं १९५१ मध्ये. आधुनिक वास्तुकलेचं पुस्तक उघडलं की याचा फोटो हमखास सापडतो.

घर बांधून घेतलं डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांनी. त्या शिकागोत किडनीविकाराच्या डॉक्टर होत्या. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि दोघांचं बिनसलं. मीस यांनी सुमारे २८,००० डॉलरसाठी दावा लावला, डॉ. फार्न्सवर्थ यांनी उलट दावा केला. कोर्टातलं पारडं मीस यांच्याकडे झुकलं आणि शेवटी तडजोड झाली. एवढं होऊनही त्यांनी हे घर जवळपास वीस वर्षं वापरलं. पुढे नवीन रस्ता आणि पुलासाठी त्यांच्या जमिनीचा काही भाग सरकारने घेतला. १९७२ मध्ये लंडनचे बिल्डर पीटर पालुंबो यांनी घर विकत घेतलं.

पालुंबो हे मीस यांचे चाहते. लंडनमधल्या एका टॉवरचं काम त्यांनी मीस यांनाच दिलं होतं, तो टॉवर कधी उभा राहिला नाही ही गोष्ट वेगळी. घर हाती आल्यावर त्यांनी ते 'मूळ रूपात' आणायचं ठरवलं. ओट्यावर डासांसाठी बसवलेल्या जाळ्या काढल्या आणि आत मीस यांच्या डिझाइनचं फर्निचर आणलं. या कामात मीस यांचे नातू, आर्किटेक्ट डर्क लोहान सोबत होते.

माझा आक्षेप इथे आहे. डॉ. फार्न्सवर्थ यांनी मीस यांच्या पसंतीचं फर्निचर नाकारलं होतं. म्हणजे पालुंबोंनी जे रूप 'परत' आणलं, ते त्या घरात कधी नांदलंच नव्हतं. तो आर्किटेक्टचा इरादा होता, घराचा इतिहास नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी थिअरीला कंट्रोल समजून निरीक्षणं पुसली. ती जाळी म्हणजे दिसायला वाईट अशी भर नव्हती, तो डेटा होता. नदीकाठच्या उघड्या ओट्यावर उन्हाळ्यात बसता येत नाही, हे त्या डिझाइनबद्दलचं निरीक्षण तिच्यात नोंदलेलं होतं.

अर्थात पालुंबोंना खलनायक करूनही चालणार नाही. १९५४ मध्ये पुराचं पाणी घरात शिरलं होतंच, १९९६ च्या पुरात तर काचही फुटली. तेव्हा पैसे ओतून घर पुन्हा उभं केलं ते त्यांनीच. पण जपणूक चांगली झाली म्हणून अर्थ लावणंही बरोबर ठरतं असं नाही. पेपर वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सवय लावा.

लिखित इतिहासातही हाच घोळ दिसतो. फ्रान्झ शुल्झे यांचं मीस यांच्यावरचं १९८५ चं चरित्र प्रमाण मानलं जायचं. त्यात डॉ. फार्न्सवर्थ यांच्या दिसण्यावर शेरे आहेत, आणि कोर्टातल्या भांडणामागे प्रेमभंग असावा ही कुजबुज तर कित्येक वर्षं चालूच राहिली. त्याच बाईंनी १९५० मध्ये नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये एसीटीएच या हॉर्मोनचा परिणाम काय होतो यावर पेपर छापला होता, हे मात्र आर्किटेक्चरच्या वाचकाला कळायची सोय नव्हती. मेडिकल जर्नल चाळायची गरज कोणाला वाटणार? २०१२ मध्ये एडवर्ड विंडहॉर्स्ट यांच्यासोबत याच चरित्राची सुधारित आवृत्ती आली. तिच्यासाठी खटल्याचा हजारो पानांचा कोर्ट रेकॉर्ड वापरला गेला, आणि गप्पांच्या जागी साक्षी आल्या. त्यामुळे साइट करताना आवृत्तीचं साल बघा. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या म्हणजे दोन वेगळे पुरावे असू शकतात.

२००३ मध्ये लिलावात सुमारे ७५ लाख डॉलर मोजून घर नॅशनल ट्रस्ट आणि इलिनॉयमधल्या एका वारसा संस्थेने घेतलं. पुढे २०२० च्या प्रदर्शनात आतली मांडणी डॉ. फार्न्सवर्थ यांच्या काळासारखी केली गेली. २०२१ मध्ये नावही 'एडिथ फार्न्सवर्थ हाऊस' झालं. मग हे तरी 'खरं' मूळ रूप का? नाही, हीसुद्धा निवडच आहे. वीस वर्षांच्या वापरातला एक काळ उचलून मांडलेला. फरक इतकाच की प्रदर्शनाच्या शीर्षकातच 'पुनर्विचार' या अर्थाचा शब्द होता. आपण निवड करतोय हे त्यांनी उघड सांगितलं. पालुंबोंच्या मांडणीत ती निवड 'मूळ' या शब्दाखाली झाकली गेली होती. दोन्हींत मला प्रदर्शन सरस वाटतं ते याच कारणाने, डॉ. फार्न्सवर्थ यांच्याबद्दलच्या सहानुभूतीमुळे नव्हे.

तेव्हा इंटरव्ह्यूला जायच्या आधी आपल्या प्रपोजलमधला प्रत्येक 'मूळ' शोधा. तो कोणत्या तारखेचा आहे? कोणी ठरवला? तो ठरवताना काय काढून टाकलं गेलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर रिसर्च गॅप बहुतेक तिथेच आहे.