शिक्षकाची रोजनिशी आणि वह्यांमधले इंग्रजी : लॅफ्काडिओ हर्न यांचे मात्सुए

परदेशाविषयीच्या लेखनात प्रवासवर्णन आणि निवासवर्णन असा भेद करणे आवश्यक आहे. प्रवाशाला परका देश दृश्य म्हणून भेटतो. तेथे नोकरी करणाऱ्याला तो वेळापत्रक, सहकारी आणि कामाचा ढीग या रूपांत भेटतो. लॅफ्काडिओ हर्न (1850-1904) यांच्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलिअर जपान' (1894) या ग्रंथात देवळे, उत्सव, बागा यांची वर्णने विपुल आहेत. तथापि 'फ्रॉम द डायरी ऑफ ॲन इंग्लिश टीचर' हे प्रकरण त्यांहून वेगळे ठरते. त्यात लेखक पाहुणा नसून पगारी शिक्षक आहे.

हर्न 1890 च्या ऑगस्टअखेर शिमाने प्रांतातील मात्सुए या शहरात आले. तेथील माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात इंग्रजी शिकविण्याचा एक वर्षाचा करार त्यांनी केला होता. मेइजी राजवटीने आधुनिक विद्या आत्मसात करण्यासाठी असे अनेक परकीय तज्ज्ञ वेतनावर नेमले होते. भारतीय वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील त्या काळचा इंग्रज प्राध्यापक, त्याची वृत्ती कितीही उदार असली तरी, राज्यकर्त्या समाजाचा घटक होता. मात्सुएतील इंग्रजीचा शिक्षक मात्र जपानी शासनाचा सेवक होता. जपानी शाळेत विद्यार्थ्याऐवजी शिक्षकालाच जावे लागण्याचा प्रसंगही येतो, हे हर्न यांनी स्वतःच नोंदविले आहे. अधिकाराचा हा उलटा क्रम त्यांच्या निवेदनाला एक सावध नम्रता देतो.

या प्रकरणाचा गाभा निबंधांच्या वह्यांत आहे. चंद्र, डास, बोतानचे फूल अशा विषयांवर मुले इंग्रजीत लिहितात आणि शिक्षक ते तपासतो. बोतानचे फूल देखणे, पण त्याचा वास चांगला नाही. म्हणून माणसानेही केवळ बाह्य रूपाला भुलू नये, अशा वळणाने एक निबंध बोधापर्यंत पोहोचतो. एकाच विषयावरील अनेक वह्यांत त्याच कल्पना, त्याच उपमा येतात, हे पाहून हर्न एक निष्कर्ष काढतात : जपानी विद्यार्थ्याच्या कल्पनाशक्तीत स्वतंत्र असे थोडे असते, ती शतकांपूर्वीच घडून गेलेली आहे. त्यामुळे या निबंधांचे मोल त्यांना व्यक्तिमनापेक्षा सामूहिक भावनेचा आविष्कार म्हणून अधिक वाटते.

या निष्कर्षात तथ्याचा अंश आहे. मान्य प्रतिमांचा औचित्यपूर्ण वापर हा चिनी आणि जपानी काव्यशिक्षणाचा भागच होता. परंतु एक घटक हर्न हिशेबात घेत नाहीत. तो म्हणजे त्यांनी स्वतः शिकविलेली भाषा. थोड्या शब्दसंपत्तीवर परक्या भाषेत लिहिणारा विद्यार्थी सुरक्षित वाक्याकडे वळतो. जे म्हणायचे ते न लिहिता, जे लिहिता येते तेच तो म्हणतो. इंग्रजीतून पहिले निबंध लिहिलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. भाषेच्या या मर्यादेलाच हर्न समाजाचा स्वभाव समजतात, हा त्यांच्या निरीक्षणातील मूलभूत दोष होय.

नात्सुमे सोसेकी यांच्या 'बोच्चान' (1906) या कादंबरीशी तुलना केली असता हा दोष अधिक स्पष्ट होतो. सोसेकी 1895 मध्ये मात्सुयामा येथे इंग्रजीचे शिक्षक होते. त्यांचा नायक परकीय नाही. गावात परका असलेला तोक्योचा गणितशिक्षक आहे. त्याने दुकानात काय खाल्ले हे त्याचे विद्यार्थी फळ्यावर लिहितात आणि त्याच्या अंथरुणात टोळ सोडतात. कादंबरीला पुरावा मानता येत नाही हे खरे. तथापि स्वभाषेत वावरणारी शाळकरी मुले किती खोडकर आणि कल्पक असू शकतात, याचे भान ती देते. हर्न यांच्यासमोर बसलेली मुले अशी असतीलही. त्यांच्या इंग्रजी वह्यांत मात्र ती उतरणे शक्य नव्हते.

हर्न यांच्या चरित्रातच या निष्कर्षाला उत्तर सापडते. कोइझुमी सेत्सु यांच्याशी मात्सुएत जुळलेल्या त्यांच्या संसाराची एक स्वतंत्र बोली होती. क्रियापदांची रूपे आणि विभक्तीदर्शक अव्यये गाळलेल्या त्या जपानीला 'हेरुन-सान कोतोबा', म्हणजे हर्नसाहेबांची भाषा, असे म्हटले जाते. शाळेत चुका दुरुस्त करणारा शिक्षक घरी स्वतःच मोडकेतोडके बोलत होता. सेत्सु त्यांना कथा सांगत, तेही त्याच भाषेच्या आधाराने. 'क्वाइदान' (1904) या संग्रहामागे या कथनाचा मोठा वाटा आहे. तुटक भाषा म्हणजे तुटपुंजी कल्पनाशक्ती नव्हे, याचा याहून सबळ दाखला कोणता? परंतु रोजनिशीच्या या प्रकरणात त्या घराला स्थान नाही.

असे असूनही हे लेखन टिकून राहिले आहे, आणि त्याचे कारण त्याच्या उत्तरार्धात आहे. शिदा आणि योकोगी या दोन विद्यार्थ्यांचे आजारपण व मृत्यू यांनी प्रकरणाचा शेवट व्यापला आहे. योकोगी हा सुताराचा मुलगा. मरणापूर्वी शाळा एकदा पाहण्याची इच्छा तो व्यक्त करतो आणि रात्री त्याला पाठीवर घेऊन शाळेपर्यंत नेले जाते. येथे हर्न जपानी स्वभावाविषयीचा सिद्धान्त बाजूला ठेवतात. 'जपानी विद्यार्थी' हा वर्ग मागे पडतो आणि एक मुलगा उरतो. ज्या व्यक्तित्वाचा अभाव त्यांना वह्यांत जाणवला होता, ते त्या मुलाच्या अखेरच्या इच्छेत त्यांना भेटते.

1987 मध्ये सुरू झालेल्या 'जेट' कार्यक्रमामुळे परदेशी तरुण जपानच्या शाळांत सहायक भाषाशिक्षक म्हणून येतात. हर्न यांना निशिदा सेन्तारो या सहकाऱ्याचा आधार होता. आजच्या सहायकाला वर्गात जपानी शिक्षकाची सोबत असते. साधने बदलली, तरी समोरच्या वहीतील अपुऱ्या वाक्यामागे किती माणूस आहे, हा प्रश्न बदललेला नाही. हर्न यांचे उत्तर चुकले. पण ते जिथे चुकले त्या वह्या आणि जिथे सावरले ती दोन मरणे त्यांनी एकाच प्रकरणात प्रामाणिकपणे नोंदविली. रोजनिशी म्हणून या लेखनाचे श्रेष्ठत्व याच प्रामाणिकपणात आहे.