‘त्याचे शिंग’, पण हात कोणाचा?

अठराव्या शतकातल्या उत्तर अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्या साध्या माणसाच्या खांद्यावरून पट्ट्याने लटकलेले गाईबैलाचे एक शिंग असे. त्यात दारू असे, अर्थात बंदुकीची. शिंग ओल धरत नाही, त्याच्यामुळे ठिणगी उडत नाही, ते वजनाला हलके असते आणि जिथे गुरे आहेत तिथे फुकटात मिळते. शिंग उकळून आतला हाडाचा गाभा सोडवायचा, बाहेरून इतके तासायचे की उजेडात धरल्यावर आत दारू कुठवर आहे ते दिसावे. मग रुंद तोंडाला लाकडी बूच ठोकून बसवायचे, टोकाला भोक पाडून तिथे काढता-घालता येणारी खुंटी लावायची. झाले दारूचे शिंग.

एवढ्यावर ते थांबले असते तर आज त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले नसते. साधारण १७४५ पासून १७८०-८५ पर्यंत या शिंगांवर सुरीच्या टोकाने किंवा दाभणाने अक्षरे, वेलबुट्ट्या, किल्ले, जहाजे, प्राणी आणि नकाशे कोरले गेले. रेघांत काजळी किंवा शाई चोळली की पिवळसर शिंगावर काळे चित्र उठून दिसे. या कामाविषयी एक समज रूढ आहे: छावणीत कंटाळलेल्या सैनिकाने फावल्या वेळात स्वतःच्या हाताने केलेली ही भाबडी लोककला. हा समज तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पुरावा शिंगावरच आहे. त्यांवरचा मजकूर बहुतेक एका साच्यातला असतो: अमक्याचे नाव, पुढे ‘त्याचे शिंग’, मग ‘अमुक ठिकाणी केले’, शेवटी तारीख किंवा वर्ष. या साच्यात मालक आहे, स्थळ आहे, काळ आहे. ‘अमक्याने केले’ हे मात्र सहसा नाही. आपल्याकडच्या पितळी भांड्यांवर घातलेली नावे आठवली तर ही गोष्ट लगेच ध्यानात येते. घागरीवर देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, लग्नाची तारीख असते. ठोकठोक करत ती अक्षरे उमटवणाऱ्याचे नाव नसते, आणि ती अक्षरे मालकानेच घातली असे आपण कधी समजत नाही. अमेरिकन शिंगाच्या बाबतीत मात्र नेमकी हीच गल्लत दीडशे वर्षे होत आली आहे.

ही गल्लत किती महाग पडते, ते जॉन बुशच्या उदाहरणावरून दिसते. बुश हा मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूझबरी गावचा कृष्णवर्णीय, गुलाम नसलेला माणूस. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात १७५४ साली सुरू झालेल्या युद्धात तो वसाहतीच्या फौजेबरोबर लेक जॉर्जच्या काठी गेला. तिथे विल्यम जॉन्सन यांनी १७५५ मध्ये फोर्ट विल्यम हेन्री हा किल्ला उभारला होता. त्या छावणीत १७५५ आणि १७५६ या सालांत कोरलेली काही शिंगे आज बुशची मानली जातात. त्यांवरची अक्षरे पाहण्यासारखी आहेत. मोठी अक्षरे लिखाणाच्या वहीतल्या कित्त्यासारखी वळणदार, आत रेघांची भरण केलेली, भोवती पानाफुलांची वेल. वक्र, निसरड्या पृष्ठभागावर रेघ एकदा ओढली की खोडता येत नाही. हा हात कंटाळ्याचा नव्हे, सरावाचा आहे.

१७५७ च्या ऑगस्टमध्ये माँकाल्म या फ्रेंच सेनापतीने किल्ल्याला वेढा घातला आणि ९ तारखेला किल्ला शरण आला. फेनिमोर कूपर यांच्या १८२६ मधल्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ या कादंबरीमुळे तो प्रसंग जगभर माहीत झाला. बुश मात्र त्यात फ्रेंचांच्या हाती सापडला आणि कैदी म्हणून फ्रान्सला नेला जात असताना मरण पावला. त्याने ज्यांची नावे कोरली त्यांचे वंशज पुढे ती शिंगे पूर्वजांची आठवण म्हणून जपत राहिले. ज्या वसाहतीत गुलामगिरी कायदेशीर होती, तिथे एक कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या लोकांच्या नावापुढे ‘त्याचे शिंग’ असे सुंदर अक्षरात लिहून देत होता. हे न कळता शिंग पाहिले तर आपण फक्त मालक पाहतो.

बुशला पुन्हा उजेडात आणण्याचे मोठे श्रेय विल्यम गुथमन यांना जाते. १९९३ मध्ये त्यांनी या शिंगांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांची शैलीनुसार घराणी लावली आणि लेक जॉर्जच्या शैलीच्या मुळाशी बुशला ठेवले. जेकब गे हा पुढचा मोठा कोरणारा त्याच वळणाने जातो. गेने आपल्या काही शिंगांवर स्वतःची आद्याक्षरे घातली, म्हणून त्याचा हात ओळखणे सोपे झाले. एकाच माणसाने अनेकांसाठी शिंगे कोरली, हे त्यावरून निर्विवाद ठरते.

गुथमन यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. वळणावरून हात ओळखायचा तर ते वळण दुसऱ्याने उचललेले नाही याची खात्री हवी. छावणीत शंभर माणसे एकमेकांची शिंगे पाहत होती. चांगले दिसले की नक्कल होणारच. म्हणून ‘बुशचे’ आणि ‘बुशच्या वळणाचे’ यांत फरक ठेवावा लागतो. लिलावाच्या बाजारात हा फरक पटकन पुसला जातो, कारण नाव लागले की किंमत वाढते. शिवाय स्वतःचे शिंग स्वतः कोरणारे सैनिकही होतेच. ओळ संपेपर्यंत जागा उरत नाही, अक्षर उलटे पडते, स्पेलिंग उच्चाराप्रमाणे होते. अशी शिंगे हौशी हाताची असावीत. तेव्हा सगळी शिंगे कारागिरांची होती असा माझा दावा नाही. प्रत्येक शिंगाला ‘हात कोणाचा’ हा प्रश्न वेगळा विचारावा, एवढेच म्हणणे आहे.

मालकीचा हाच साचा नकाशाच्या शिंगांवर मोठ्या प्रमाणात दिसतो. न्यूयॉर्क वसाहतीतल्या शिंगांवर हडसन नदी खालून वर चढत जाते. आल्बनीपाशी एक वाट मोहॉक नदीने पश्चिमेला फुटते ती लेक ऑन्टारियोच्या काठावरच्या ऑस्वीगोपर्यंत, आणि दुसरी उत्तरेला लेक जॉर्ज, टायकॉन्डरोगा, क्राउन पॉइंटकडे जाते. वर बहुधा ब्रिटिश राजचिन्ह. शिंगाचा निमुळता आकार या रचनेला फार सोयीचा आहे, यात शंका नाही. पण वाटेवर ठळक काय काढले आहे? किल्ले आणि गढ्या. नदीला मोहॉक लोकांचे नाव आहे, प्रदेश त्यांचा आणि त्यांच्या बंधुराष्ट्रांचा आहे. चित्रात मात्र ती इंग्रजी ठाण्यांची माळ बनते. खुद्द लेक जॉर्ज हे नाव जॉन्सन यांनी १७५५ मध्ये राजाच्या सन्मानार्थ दिले. त्याआधी फ्रेंच त्याला वेगळ्या, धार्मिक नावाने ओळखत. म्हणजे शिंगावरचा मालक जसा ‘माझे’ म्हणतो, तसेच नकाशाही म्हणतो.

ही शिंगे मुख्यतः वसाहतींच्या फौजांतली का, याचे कारण व्यवहाराचे आहे. ब्रिटिश नियमित सैनिकाला कागदी काडतुसे आणि ती ठेवायची पेटी मिळे. गावोगावच्या माणसाला बंदूक आणि दारूचे साहित्य स्वतःचे आणावे लागे. १७७५-७६ च्या बोस्टन वेढ्यात वॉशिंग्टन यांच्या फौजेपाशी भरपूर शिंगे होती, त्यांवर राजचिन्हाच्या जागी स्वातंत्र्याच्या घोषणाही आल्या, पण ऑगस्ट १७७५ मध्ये दारू मोजली तेव्हा माणशी जेमतेम ९ बार निघाले. सजवलेल्या शिंगाकडे पाहताना ते किती वेळा रिकामे असेल, हेही लक्षात ठेवावे.

पुढे संग्राहकांचे युग आले. कॅनाजोहारीचे रूफस ग्रायडर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेकडो शिंगांची रंगीत चित्रे काढली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधले स्टीफन ग्रॅन्क्से यांनी १९४५ मध्ये गिल्बर्ट संग्रहावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. या दोघांमुळे पुष्कळ मजकूर वाचला. त्याच आवडीतून नकलाही निपजल्या: जुने कोरे शिंग घ्यायचे आणि त्यावर प्रसिद्ध नाव व लढाई कोरायची. इथेही मालकाच्या नावाला भुलणारा फसतो आणि हात पाहणारा वाचतो. खऱ्या शिंगाची अंगाला घासणारी बाजू झिजलेली असते आणि तिथली अक्षरेही झिजलेली असतात. वापराचे ओरखडे कोरीव रेघेवरून जातात. नवी रेघ जुन्या ओरखड्याला कापून जात असेल तर नाव कितीही मोठे असो, शिंग बाजूला ठेवावे.

संग्रहालयाच्या पाटीवर आजही बहुधा मालकाचे नाव मथळ्यात येते. ते असावेच, ते कोरलेलेच आहे. त्याखाली आणखी एक ओळ हवी: ‘कोरणारा: जॉन बुश’, ‘बुशच्या वळणाचा’, ‘स्वतः मालक असावा’, किंवा नुसते ‘अज्ञात’. अज्ञात असे लिहिले तर पाहणाऱ्याला निदान कळेल की तिथे आणखी एक माणूस बसला होता, गुडघ्यावर शिंग फिरवत, दुसऱ्याचे नाव सावकाश कोरत.