आजीनं पाहिलेलं, नातवाला आठवलेलं

स्थलांतरित कुटुंबांबद्दल बोलताना एक वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो, ‘मायदेशाच्या आठवणींमुळे त्यांची ओळख टिकून राहते.’ ऐकायला हे वाक्य बरं वाटतं. आज ते थोडं तपासून पाहू.

समजा, एका आजीनं पेणमध्ये बालपण काढलं आणि पुढे ती इस्राएलला गेली. तिचा नातू तिकडे दिमोना नावाच्या गावी जन्मला. त्यानं पेण पाहिलेलं नाही, तरी तो सांगतो, ‘आम्ही पेणचे.’ आता याला काय म्हणायचं? आठवण म्हणायची का?

आपल्या नैयायिकांना विचारलं तर ते ‘नाही’ म्हणतील. अनुभव आला की आत्म्यावर संस्कार उमटतो आणि त्या संस्कारातून स्मृती जागी होते. म्हणजे ज्यानं पाहिलं त्यालाच आठवणार. एकानं पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही, या मुद्द्यावर तर त्यांनी आत्म्याचं अस्तित्व सिद्ध करायला घेतलं. तिकडे लॉकनं १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यक्तीची ओळख स्मृतीच्याच आधारावर उभी केली. दोघांचंही मानलं तर नातवाचा पेणशी संबंध उरत नाही. पण तो आहे, हे तर दिसतंय. मग आजीकडून नातवाकडे गेलं ते नेमकं काय?

यासाठी बेने इस्राएल समाजाकडे पाहू. हे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहिला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. या समाजाची परंपरा अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा गृहस्थ आला. हे खरोखर यहुदी आहेत का, हे बघायला त्यानं बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. बायकांनी पर आणि खवले असलेली तेवढीच वेगळी काढली, आणि त्याची खात्री पटली.

इतिहास म्हणून यातलं किती टिकेल, हा प्रश्न वेगळा. समीक्षकानं ही कथा काय म्हणते ते वाचावं. ग्रंथ बुडाले, भाषा गेली, मायदेश कसा होता हे सांगणारं कुणी राहिलं नाही. काय राहिलं? शनिवारची सुट्टी, सुंता, एक प्रार्थना आणि मासळी निवडायची पद्धत. म्हणजे आठवण संपली, वळण राहिलं. गंमत बघा, मराठीत ‘संस्कार’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. नैयायिकांचा संस्कार ज्याचा त्याचा असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. आपण घरात ‘मुलांवर संस्कार करतो’ म्हणतो, तो मात्र दुसऱ्यालाच द्यायचा असतो. आजीनं नातवाला दिला तो हा दुसरा. आपण त्याला चुकून आठवण म्हणतो.

हा फरक करून काय मिळतं? मलिद्याचं उदाहरण घ्या. भिजवलेले पोहे, नारळ, गोड आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे आभार मानायचे, हा या समाजाचा विधी. कोकणात असताना हे ताट त्यांचं यहुदीपण दाखवायचं. १९४८ नंतर हजारो कुटुंबं इस्राएलला गेली, ताटही सोबत गेलं. तिथं इतर यहुद्यांमध्ये अशी पद्धत नाही, त्यामुळे तिथं तेच ताट त्यांचं भारतीयपण दाखवू लागलं. पोहे तेच, अर्थ उलटा झाला! कोकणात जेरुसलेम मायदेश होता, तिकडे गेल्यावर कोकण मायदेश झाला. म्हणजे मायदेश ही आठवणीत जपून ठेवलेली जागा नव्हे. आपण जिथे उभे आहोत, तिथून तो ठरतो.

आणि इथेच धोका आहे. आठवणीला ओळखीचा आधार मानलं की कुणीतरी तिचा पुरावा मागणारच. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळानं सूचना काढली, की या समाजातल्या माणसाचं इतर यहुद्याशी लग्न लावण्याआधी आईची, आजीची आणि त्याही मागची वंशचौकशी करावी. शतकानुशतकं ज्यांनी शनिवार पाळला त्यांना सांगितलं, सिद्ध करा! लोक जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले. १९६४ मध्ये संसदेनं हे सर्वार्थानं यहुदी आहेत असं म्हटलं, तेव्हा मंडळानं सूचनेतून समाजाचं नाव काढलं. किहीमकरांचा ग्रंथही या दृष्टीनं वाचावा. त्यात माहितीचा खजिना आहे, पण आपलं मूळ सिद्ध करण्याची घाईही आहे. आठवणीला सतत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं की ती हवी तशी साक्ष देऊ लागते.

आता नाशिककर म्हणून आपल्याकडे वळू. फाळणीनंतर देवळालीच्या छावणीत सिंधी कुटुंबं आली. पेणकर, किहीमकर या आडनावांत गाव असतं. सिंध्यांच्या ‘-आणी’ने संपणाऱ्या आडनावांत बहुधा पूर्वजाचं नाव असतं. नवगावला आजही जाऊन येता येतं, सिंधमधल्या घरी सहज जाता येत नाही. या घरांतली तिसरी-चौथी पिढी इथेच जन्मली, आपल्याच शाळांत शिकली. तरी आपण विचारतो, ‘मूळचे कुठले?’ विचारण्यात वाईट हेतू नसतो. पण उत्तर ‘नाशिक’ आलं की आपण पुन्हा विचारतो, ‘हो, पण मूळचे?’ हा दुसरा प्रश्न त्या रब्बी मंडळाच्या चौकशीचाच धाकटा भाऊ आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक सांगायचंय. नातवाला हुरहूर वाटत नाही म्हणून त्याला कमी लेखू नका. जे त्यानं पाहिलंच नाही, त्याच्यासाठी त्यानं रडावं कसं? त्याला पोहे भिजवायला शिकवा. त्या ताटाचा अर्थ काय लावायचा, हे त्याच्यावर सोडा. आपलेपणाला आठवणीचा दाखला लागू नये, एवढंच आजचं म्हणणं.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.