उजवा रकाना

इंटरनॅशनल इलेक्ट्रॉनिक्स मॅन्युफॅक्चरिंग इनिशिएटिव्ह, थोडक्यात आयनेमी, हा अमेरिकेतला इलेक्ट्रॉनिक्स कारखानदारांचा संघ. त्यांचा कुठलाही प्रकल्प सुरू होण्याआधी ‘स्टेटमेंट ऑफ वर्क’ नावाचा एक दस्तऐवज तयार होतो. वाचायला रुक्ष. वेळापत्रक, टप्पे, नमुने कोण देणार, चाचणी कोण करणार, माणसं किती लागणार, असा सगळा हिशोब. पण मध्येच दोन रकान्यांचं एक कोष्टक येतं. डावीकडे हा प्रकल्प काय आहे ते, उजवीकडे काय नाही ते. डावा रकाना कुणीही भरेल. उजवीकडे साधारण असं असतं: आधी झालेलं काम पुन्हा करणं नाही, एखादं विशिष्ट मानक घडवणं नाही, कुठल्याही पुरवठादाराकडे, प्रदेशाकडे किंवा बाजारपेठेकडे झुकणं नाही. या संघाची खरी कारागिरी मला या उजव्या रकान्यात दिसते.

सभासद कोण आहेत ते पाहिलं की त्याची गरज कळते. संगणक विकणाऱ्या दोन कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. दोघींना चिप विकणारी तिसरी, दोघींचे बोर्ड जोडून देणारी चौथी, त्या चौथीला झाळ पुरवणारी पाचवी. आपल्याकडे सहकार म्हटलं की प्रवरानगरचा साखर कारखाना आठवतो; तिथला ऊसकरी शेजारच्या ऊसकऱ्याचा स्पर्धक नसतो, दोघांचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो. इथे मात्र टेबलाभोवती बसलेल्यांत एकाचा खर्च तो दुसऱ्याचा नफा. तरीही ते बसतात, आणि काहीतरी घडवून उठतात.

त्यांना बसू देणारा कायदाही फार जुना नाही. १८९० च्या शर्मन कायद्यापासून अमेरिकेत प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येणं हेच मुळात संशयास्पद, आणि दावा हरलात तर तिप्पट नुकसानभरपाई. १९८४ च्या नॅशनल कोऑपरेटिव्ह रिसर्च ॲक्टने वाट जरा मोकळी केली. एकत्र संशोधन करायचं तर सरकारला कळवा, तुमची नावं फेडरल रजिस्टर या राजपत्रात छापली जातील, मग खटला झालाच तरी भरपाई झालेल्या नुकसानीपुरतीच. १९९३ मध्ये ही सवलत संयुक्त उत्पादनालाही मिळाली. किंमत, गिऱ्हाईक आणि बाजाराची वाटणी हे विषय अर्थातच वर्ज्य राहिले. म्हणजे उजव्या रकान्याच्या पहिल्या ओळी संघाच्या आधी कायद्यानेच लिहून ठेवल्या होत्या.

आयनेमीच्या आधीचा मोठा प्रयोग सेमाटेक या चिप कारखानदारांच्या संघाचा. १९८७ मध्ये १४ अमेरिकी कंपन्या, संरक्षण खात्याकडून वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर, तेवढीच भर कंपन्यांची, मुक्काम टेक्सासमधलं ऑस्टिन, आणि १९८८ पासून प्रमुख म्हणून इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस. चिप बनवण्याची उत्तम पद्धत सगळ्यांनी मिळून शोधायची, असा बेत होता. पण आपलं उत्तम ते कोण आणून ठेवणार? लवकरच सेमाटेकने मोहरा वळवला आणि चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या पुरवठादारांना सुधारण्याचं काम हाती घेतलं. ती यंत्रं सगळ्यांनाच लागत होती आणि सगळ्यांनाच त्यांच्या कुरबुरी होत्या. हा धडा पुढच्यांना आयता मिळाला.

आयनेमीचा जन्म १९९४ चा, व्हर्जिनियातल्या हर्नडनचा. तेव्हा नावात ‘नॅशनल’ होतं; २००४ मध्ये ‘इंटरनॅशनल’ झालं, कारण तोवर बोर्ड जोडायचं काम आशियात जाऊन पोचलं होतं. संघाची बांधणी मला देखणी वाटते. बरीच वर्षं दर दोन वर्षांनी पुढच्या दहा वर्षांचा आराखडा निघत असे. त्यासाठी दोन प्रकारचे गट. पहिल्या प्रकारचे गट वस्तूच्या बाजूने बोलतात: वैद्यकीय उपकरण, मोटारगाडी, खिशातला फोन यांना पुढे काय लागेल. दुसऱ्या प्रकारचे गट तंत्राच्या बाजूने उत्तर देतात: बोर्ड, झाळ, जोडणी, चाचणी यांत तेव्हा काय शक्य असेल. मागणी आणि उत्तर जिथे जुळत नाही ती फट नोंदवली जाते, आणि प्रकल्प त्या फटीतून उगवतो. इथली खुबी बघा. आपल्याकडे काय आहे हे कुणालाच उघड करावं लागत नाही. कुणाकडेच नसलेल्या गोष्टीवर सगळे मोकळेपणाने बोलू शकतात. गुपितं घरी ठेवून अडाणीपण तेवढं सामायिक करायचं, अशी ही मांडणी आहे.

पुढची पायरीही तशीच हिशोबी. विषयाची चर्चा चालू असते तोवर दार बरंच उघडं. सभासद नसलेलेही बोलू शकतात. कागद पक्का झाला की सह्यांची वेळ येते, आणि तिथून पुढे आत फक्त सही केलेले सभासद. सही म्हणजे नुसती वर्गणी नव्हे. अभियंत्याचे तास, नमुने, भट्टीतला वेळ, सूक्ष्मदर्शक. चर्चेत बोलघेवडे पुष्कळ असतात, सहीला किती उरतात त्यावर प्रश्नाचं खरं वजन कळतं.

या पद्धतीची कसोटी लागली शिशाच्या वेळी. झाळेत पिढ्यान्‌पिढ्या कथील आणि शिसं. हे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. युरोपीय संघाचा शिसंबंदीचा नियम १ जुलै २००६ ला लागू झाला, पण त्याची चाहूल आधीपासूनच होती. मिशिगनमधल्या नॅशनल सेंटर फॉर मॅन्युफॅक्चरिंग सायन्सेसने नव्वदच्या दशकात ७९ मिश्रधातू तपासून मोजके निवडले होते. मोजके म्हणजे तरीही अनेकच. दहा गिऱ्हाइकांनी दहा मिश्रधातू मागितले तर चिप बनवणारा कुठल्या तापमानासाठी चिप बनवणार? १९९९ मध्ये आयनेमीने प्रकल्प उभा केला. मिश्रधातूच्या गटाची धुरा सरकारी मापन संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, कॅरल हँडवर्कर यांच्याकडे. पंच विकणाराही नाही आणि विकत घेणाराही नाही, ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. २००० च्या जानेवारीत शिफारस आली: कथील, त्यात ३.९ टक्के चांदी आणि ०.६ टक्के तांबं. वितळणबिंदू सुमारे २१७ अंश.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या जोडप्रकल्पात, टिन व्हिस्करमध्ये. पितळेच्या पातेल्याला जशी कल्हई, तशी चिपच्या धातूच्या पायांनाही कथलाचाच मुलामा असतो. शुद्ध कथलाच्या मुलाम्यात आतून ताण साठतो, कारण खालचं तांबं कथलात मिसळत नवं संयुग बनवत राहतं. त्या दाबाने पृष्ठभागातून धातूचे केस बाहेर येतात. जाडी काही मायक्रॉन, लांबी कधी मिलिमीटरभर आणि त्याहूनही जास्त. शेजारच्या पायाला टेकला की शॉर्ट. बेल लॅब्जच्या लोकांनी हे पन्नासच्या दशकात अभ्यासलं होतं आणि त्यावरचं औषधही शोधलं होतं: थोडं शिसं घाला. आता नेमकं तेच औषध जाणार होतं. धोका पुस्तकी नव्हता. १९ मे १९९८ ला गॅलेक्सी ४ हा उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतले बहुसंख्य पेजर मुके झाले, डॉक्टरांचेसुद्धा. बिघाडाचं कारण म्हणून बोट व्हिस्करकडे दाखवलं गेलं.

२००१ च्या सुमारास संघाने या एका प्रश्नावर तीन समित्या नेमल्या. पहिली, हे केस का वाढतात याचा सिद्धांत शोधणारी. दुसरी, चाचणी ठरवणारी. तिसरी, मुलामा दिलेले भाग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांची. शास्त्रज्ञ, मोजणारे आणि पैसे देणारे वेगळे बसवले, ही यातली सगळ्यात सुंदर चाल. सिद्धांताला वेळ लागणार होता. गिऱ्हाइकाला वेळ नव्हता. एका खोलीत बसले असते तर एकाने दुसऱ्याला अडवून धरलं असतं. सिद्धांताच्या बाजूला आयबीएमच्या जॉर्ज गॅलियन यांनी या विषयावरच्या लेखांची टिपांसह सूची केली, थेट १९४६ पासूनची. सूचीसारखं नीरस काम, पण ‘आधी झालेलं काम पुन्हा नाही’ ही ओळ पाळायची तर आधी काय झालंय ते कुणीतरी वाचायला हवंच. खरेदीदारांच्या गटाने मुलाम्याखाली निकेलचा थर द्या, मुलामा चढवल्यावर २४ तासांच्या आत १५० अंशांवर तासभर तापवा, असे उपाय पुढे केले.

चाचणीवाल्यांच्या कामातून जेडेक या मानकं काढणाऱ्या संस्थेची दोन मानकं निघाली: मे २००५ मध्ये चाचणीची पद्धत आणि मार्च २००६ मध्ये स्वीकृतीच्या अटी. छापली जेडेकने, संघाने नव्हे. मानक काढणाऱ्याचा मान त्याच्याकडेच राहू दिला, आणि बाहेर राहिलेल्या छोट्या कारखान्यांनाही वाट मिळाली. त्या मानकांतला बारकावा मी चवीने वाचतो. लांबी १० मायक्रॉनहून कमी असेल तर त्या केसाला व्हिस्कर म्हणायचं नाही. केस वाकडा असेल तर लांबी कशी मोजायची, तेही लिहिलंय. नमुने तीन प्रकारे छळायचे: उणे ५५ किंवा उणे ४० पासून ८५ अंशांपर्यंत तापवून-गारठवून, ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवून, आणि ६० अंश आणि ८७ टक्क्यांत. हे ८७ असं अडनिडं का, असं कुणालाही वाटेल. पुढच्या आवृत्तीत ते ५५ आणि ८५ झालं.

मग येते या सगळ्या कामातली माझी सर्वात आवडती कबुली. या चाचण्यांचा प्रत्यक्ष वापरातल्या आयुष्याशी संबंध सिद्ध झालेला नाही. थोड्या काळात मोजलेल्या लांबीवरून वर्षांनंतरची लांबी सांगता येत नाही. चाचणीच्या कागदातच चाचणीची मर्यादा छापलेली. विक्रेत्याने एकट्याने मानक लिहिलं असतं तर हे वाक्य राहिलं नसतं. खरेदीदाराने एकट्याने लिहिलं असतं तर चाचणीच मान्य झाली नसती. दोघांनी मिळून लिहिलं म्हणून दोन्ही टिकलं.

पण संघाच्या नावाने नुसती आरती ओवाळण्यात अर्थ नाही. त्यांचे अहवाल आधी सही केलेल्यांना, मग सभासदांना, आणि बाहेर पोचेपर्यंत बराच काळ जातो. शिफारशीला हुकुमाचं बळही नसतं. झाळेचंच बघा. एवढ्या खटपटीने ठरवलेल्या ३.९ टक्के चांदीच्या मिश्रधातूऐवजी बाजाराने शेवटी ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबंवालं मिश्रण उचललं. त्यामागे जपानचा उद्योग होता, शिवाय चांदी कमी म्हणजे खर्च कमी. मग फोन हातातून पडून सांधे तुटायला लागले तशी चांदी आणखी कमी असलेली मिश्रणं आली, एक टक्का आणि त्याच्याही खाली. ती धक्का चांगला सोसतात, पण पुन्हा पुन्हा तापण्या-थंडावण्यात लवकर थकतात. एकच मिश्रधातू असावा म्हणून ज्या संघाने आटापिटा केला, त्यालाच २००८ च्या सुमारास या पर्यायी मिश्रधातूंची पाहणी करायला नवा प्रकल्प काढावा लागला. कोणत्या मिश्रणाबद्दल माहिती आहे आणि कोणत्याबद्दल नाही, याची यादी करण्यापासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.