संयम आणि निग्रह : ॲरिस्टॉटलच्या एका भेदाची चिकित्सा

ग्रीक नीतिचिंतनात 'सोफ्रोसिनी' अर्थात संयम हा एक प्रमुख सद्गुण मानला गेला आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, आत्म्याच्या तिन्ही अंगांपैकी सत्ता कोणाची असावी याविषयीचे त्यांचे एकमत, असा त्याचा अर्थ येतो. ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४-३२२) 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये त्याचे क्षेत्र स्पर्श व रसना यांच्या सुखांपुरते मर्यादित केले आणि सातव्या पुस्तकात संयम व निग्रह, म्हणजे 'एन्क्रातेइया', यांत स्पष्ट भेद केला.

निग्रही मनुष्याच्या ठायी हीन वासना असतात; परंतु तो विवेकाचे उल्लंघन करीत नाही. संयमी मनुष्याच्या ठायी त्या नसतातच. स्खलनशील मनुष्य मात्र योग्य काय ते जाणूनही मोहाला बळी पडतो. चांगले कायदे असूनही ते न वापरणाऱ्या नगराची उपमा ॲरिस्टॉटल त्याला देतो. 'प्रोटॅगोरस'मधील सॉक्रेटिसने असे स्खलन अशक्य ठरविले होते. त्या तुलनेत हे विश्लेषण अनुभवाला अधिक धरून आहे.

तथापि येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मोहावर मात करणारा हा मोहच न होणाऱ्यापेक्षा कनिष्ठ का ठरावा? तिसऱ्या पुस्तकात ॲरिस्टॉटल म्हणतो की, शूर मनुष्य जितका सद्गुणी व सुखी, तितके त्याला मृत्यूचे दुःख अधिक. शौर्यात वेदना सद्गुणाला बाधक नसेल, तर संयमात ती न्यूनतेची खूण कशी?

यावर असे उत्तर संभवते की, शूर मनुष्य जे गमावतो ते खरोखर मूल्यवान असते. निग्रही मनुष्य ज्यासाठी तळमळतो ते विवेकाने त्याज्य ठरविलेले असते. हीन वासनांपुरते हे उत्तर ग्राह्य आहे. परंतु स्वतःचे पाणी जखमी सोबत्याला देणाऱ्या तहानलेल्या सैनिकाची तहान हीन नव्हे. त्याची वेदना शूराच्या वेदनेशीच नाते सांगते. संयमी मनुष्यालाही सुखाच्या अभावी माफक इच्छा होऊ शकते, असे तिसऱ्या पुस्तकात ॲरिस्टॉटलच सुचवितो.

सारांश, निर्णायक ठरते ते इच्छेचे स्वरूप. संघर्षाचे केवळ अस्तित्व नव्हे. नीतिशिक्षणाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. बालपणीच्या सवयींनीच सारा फरक पडतो, असे ॲरिस्टॉटल मानतो. मग ज्याला योग्य वळण लाभले नाही, त्याचा निग्रह ही सद्गुणाची उणीव म्हणून नव्हे, तर सद्गुणाकडे जाणारी वाट म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरेल.